सल्ला सदर: मुलाचं बास्केटबॉल, कॉलेजची निवड आणि बदलत्या कॉन्फरन्स

पत्र: आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो, मूळचे सांगलीचे. मुलगा बारावीत आहे, उंची सहा फूट तीन इंच, पॉइंट गार्ड खेळतो. तीन कॉलेजांकडून विचारणा आहे. पहिलं डिव्हिजन वनमधलं एक छोटं कॉलेज. पूर्ण स्कॉलरशिप देतंय, पण त्यांच्या कॉन्फरन्समधली दोन कॉलेजं सोडून चालली आहेत आणि हेही जाणार अशी कुजबुज आहे. दुसरं डिव्हिजन टूमधून नुकतंच वर आलेलं, अर्धी स्कॉलरशिप देणारं. तिसरं डिव्हिजन थ्रीमधलं. तिथे खेळाचे पैसे नाहीत, पण इंजिनीअरिंग उत्तम आहे आणि गुणांवर फीमध्ये बरीच सवलत मिळतेय. मुलाला कॉम्प्युटर इंजिनीअरिंग करायचंय. कॉन्फरन्स मोडली तर स्कॉलरशिपचं काय होतं? त्याला खेळायला मिळेल का? आम्ही दोघं क्रिकेट बघत वाढलो, यातलं ओ की ठो कळत नाही. डिव्हिजन वन सोडून द्यायचं म्हटलं की जीव वर-खाली होतो. – एक बाबा, नेपरव्हिल

नमस्कार.

तुमच्या मुख्य काळजीचं उत्तर आधी. कॉन्फरन्स म्हणजे दरवर्षी एकमेकांशी खेळणाऱ्या कॉलेजांचा गट, आणि डिव्हिजन वन ही कॉलेजच्या खेळांची सगळ्यात वरची पातळी, थ्री सगळ्यात खालची. स्कॉलरशिप कॉलेज देतं, कॉन्फरन्स देत नाही. कॉन्फरन्स बदलली किंवा मोडली तरी मुलाने आणि कॉलेजने सही केलेला आर्थिक मदतीचा करार तसाच राहतो. कराराच्या मुदतीत खेळ खालावला, दुखापत झाली किंवा कोच बदलला म्हणून ती रक्कम कापता येत नाही. धोका आहे तो करार किती वर्षांचा आहे त्यात. त्याकडे पुढे येऊच. कॉन्फरन्स बदलल्याचा फटका बसतो तो स्कॉलरशिपच्या आसपासच्या गोष्टींना: प्रवास, अभ्यास, मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेची संधी, कोच आणि खेळायला मिळणारी मिनिटं.

हे सगळं सुरू कुठून होतं ते समजून घ्या, म्हणजे कुजबुज किती गंभीरपणे घ्यायची ते तुमचं तुम्हालाच कळेल. 2021 च्या जुलैमध्ये टेक्सास (गाव ऑस्टिन) आणि ओक्लाहोमा या दोन विद्यापीठांनी बिग 12 ही बडी कॉन्फरन्स सोडून एसईसी या दुसऱ्या बड्या कॉन्फरन्समध्ये जायचं ठरवलं. कारण फुटबॉलच्या टीव्ही हक्कांचा पैसा. बिग 12 ने ती जागा भरायला सिनसिनाटी, ह्यूस्टन आणि सेंट्रल फ्लोरिडा यांना अमेरिकन कॉन्फरन्समधून उचललं, शिवाय ब्रिगहॅम यंगला घेतलं. अमेरिकनने कॉन्फरन्स यूएसएमधून सहा कॉलेजं ओढली. कॉन्फरन्स यूएसएने एसन या छोट्या कॉन्फरन्समधून लिबर्टी आणि जॅक्सनव्हिल स्टेट, आणि 2024 मध्ये केनेसॉ स्टेट नेलं. एसनने 2024 मध्येच जॉर्जियातल्या कॅरलटन गावचं वेस्ट जॉर्जिया डिव्हिजन टूमधून वर घेतलं. ऑस्टिनमध्ये फुटबॉलसाठी घेतलेला निर्णय असा कॅरलटनच्या बास्केटबॉल संघापर्यंत पोचला. आणि त्या वेस्ट जॉर्जियाने 2026 साठी पुन्हा नवी कॉन्फरन्स पत्करली आहे. 2024 मध्ये तिथे दाखल झालेला मुलगा चार वर्षांत दोन कॉन्फरन्स बघणार.

म्हणून तुमच्या पहिल्या कॉलेजबद्दलची कुजबुज खरी की खोटी, याच्यामागे फार लागू नका. ती खरी ठरू शकते हे धरूनच हिशेब करा. कोचला याबद्दल विचारलंत तर तो प्रामाणिकपणे म्हणेल की मला माहीत नाही, आणि बहुतेक ते खरंच असेल. हे निर्णय विद्यापीठाचे अध्यक्ष आणि विश्वस्त घेतात. कोचला अनेकदा जाहीर व्हायच्या आदल्या दिवशी कळतं.

आता मार्चबद्दल, कारण मुलाच्या डोळ्यांपुढे मार्चच असणार. 2025 च्या राष्ट्रीय स्पर्धेत 68 संघ होते. त्यांतले 31 आपापल्या कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकून थेट आले आणि 37 निवड समितीने बोलावले. त्या 37 पैकी पाच बड्या कॉन्फरन्सच्या बाहेरचे संघ फक्त चार होते: माउंटन वेस्ट कॉन्फरन्सचे तीन आणि सेंट मेरीज कॉलेज. एकट्या एसईसीचे 14 संघ स्पर्धेत होते. शेवटच्या सोळांत जे संघ उरले ते सगळे चारच कॉन्फरन्सचे. छोट्या कॉलेजसाठी मार्चचा दरवाजा एकच असतो, आणि तो म्हणजे आपल्या कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकणं.

समिती छोट्यांना का बोलावत नाही, तेही समजून घ्यायला हवं. 2018-19 पासून नेट नावाची क्रमवारी वापरली जाते आणि प्रत्येक सामना चारपैकी एका गटात टाकला जातो. पहिल्या 30 मधल्या संघाला आपल्या घरी, पहिल्या 50 मधल्याला तटस्थ मैदानावर किंवा पहिल्या 75 मधल्याला त्याच्या घरी हरवलं तर तो विजय पहिल्या गटातला. याच्या उलट, 160 च्या खालच्या संघाला घरी किंवा 240 च्या खालच्याला त्याच्या गावी जाऊन हरवलं तर तो चौथ्या गटात पडतो आणि समितीच्या लेखी त्याला जवळजवळ शून्य किंमत असते. कॉन्फरन्समधले दोन बळकट संघ निघून गेले की उरलेल्यांच्या वेळापत्रकातून चांगल्या गटाचे चार सामने एका फटक्यात जातात आणि त्या जागी चौथ्या गटाचे येतात. पोरं तितकीच चांगली खेळतात, कागदावरची किंमत मात्र उतरते. गॉन्झागाने 1 जुलै 2026 पासून वेस्ट कोस्ट कॉन्फरन्स सोडून पॅक-12 मध्ये जायचं ठरवलं, तेव्हा सेंट मेरीज, सॅन फ्रान्सिस्को आणि सँटा क्लारा यांचं नुकसान झालं ते हेच. गॉन्झागाशी होणारा सामना हाच त्यांचा समितीपुढचा सर्वात मोठा पुरावा होता.

इंडियाना स्टेटचं 2024 चं उदाहरण मुलाला जरूर दाखवा. नेटमध्ये पहिल्या तिसात असलेला, 28 सामने जिंकलेला संघ. मिझुरी व्हॅली कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात ड्रेककडून हरला आणि समितीने बोलावलं नाही. त्यानंतर काही आठवड्यांतच कोच जॉश शर्ट्झ सेंट लुईस विद्यापीठात गेले आणि संघाचा मुख्य खेळाडू रॉबी अविला त्यांच्यामागे गेला. सबंध वर्षाची मेहनत एका दुपारी गेली आणि मग संघच पांगला. छोट्या कॉलेजचा चांगला सीझन संपतो तो असा. हे माहीत असूनही तिथे खेळावंसं वाटत असेल, तर ती इच्छा पक्की समजा.

एक बारकी अट फार कमी पालकांना माहीत असते. कॉलेजने कॉन्फरन्स सोडायचं जाहीर केलं की काही कॉन्फरन्सच्या नियमांत त्याला त्या वर्षीच्या स्पर्धेतून वगळायची तरतूद असते. 2021-22 मध्ये जेम्स मॅडिसनला सीएए कॉन्फरन्सने आणि स्टोनी ब्रूकला अमेरिका ईस्ट कॉन्फरन्सने असंच वगळलं. सीझन खेळा, पण शेवटच्या स्पर्धेत पाय ठेवायचा नाही. निर्णय अध्यक्षांचा आणि शिक्षा एकवीस वर्षांच्या पोरांना, हे आम्हाला आजही पटत नाही. पण नियम नियम असतो, त्यामुळे पहिल्या कॉलेजला सरळ विचारा: कॉन्फरन्स सोडताना स्पर्धेत खेळू देतात का, आणि किती आधी नोटीस द्यावी लागते? कॉलेजच्या क्रीडाविभागात नियमांचं काम बघणारा कंप्लायन्स अधिकारी असतो, त्याला हे नक्की सांगता येतं.

कॉन्फरन्स बदलणं नेहमी वाईटच, असंही नाही. तुमच्या शेजारचंच उदाहरण घ्या. लॉयोला शिकागो 2018 मध्ये मिझुरी व्हॅलीतून राष्ट्रीय स्पर्धेत थेट शेवटच्या चारांत गेलं. 2022 मध्ये ते अटलांटिक 10 मध्ये गेलं आणि पहिल्याच वर्षी 10 विजय, 21 पराभव अशी गत झाली. पुढच्या वर्षी मात्र कॉन्फरन्समध्ये 15-3 करून त्यांनी पहिला क्रमांक वाटून घेतला. जेम्स मॅडिसनने सन बेल्टमध्ये गेल्यावर दुसऱ्याच वर्षी, 2024 मध्ये, राष्ट्रीय स्पर्धेत विस्कॉन्सिनला हरवलं. पण वर जाणाऱ्या कॉलेजात पहिलं वर्ष बहुधा कठीण जातं, कारण जुन्या कॉन्फरन्सच्या मापाने निवडलेले खेळाडू नव्या कॉन्फरन्सच्या उंची-वजनापुढे तोकडे पडतात. मग कोच ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, तयार खेळाडू आणतो आणि आधी घेतलेली नवी पोरं बाकावर बसतात. तुमच्या मुलाचं पहिलं वर्ष आणि कॉलेजचं नव्या कॉन्फरन्समधलं पहिलं वर्ष एकच निघालं, तर हा धोका सगळ्यात जास्त.

पैशांचं गणितही एकदा मांडून बघू, कारण छोट्या कॉलेजच्या वागण्याचा उलगडा त्यातून होतो. राष्ट्रीय स्पर्धेत, अंतिम सामना वगळता, खेळलेल्या प्रत्येक सामन्यामागे कॉन्फरन्सला एक ‘युनिट’ मिळतं. एका युनिटचे सहा वर्षांत मिळून सुमारे 20 लाख डॉलर होतात, म्हणजे वर्षाला साधारण सव्वातीन लाख. ते अकरा कॉलेजांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाला तीस हजारांच्या आसपास येतात, तेही कॉन्फरन्सच्या कार्यालयाचा खर्च धरला नाही तर. कॉलेज सोडून गेलं तर युनिट सहसा जुन्या कॉन्फरन्सकडेच राहतं. आता दुसरी बाजू. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये छोटा संघ एखाद्या बड्या विद्यापीठात जाऊन बहुधा हरून येतो, त्याला गॅरंटी गेम म्हणतात आणि त्याचे सहसा 70 हजार ते 1 लाख डॉलर मिळतात. एक रात्र हरून येण्याची कमाई मार्चच्या वार्षिक वाट्यापेक्षा जास्त! त्यामुळे गरीब कॉलेज असे पाच-सहा सामने घेतं आणि डिसेंबर संपेपर्यंत पोरांच्या नावावर आठ-नऊ पराभव लागलेले असतात. कोचला विचारा: यंदा गॅरंटी गेम किती आहेत, आणि तो पैसा बास्केटबॉलकडे राहतो की अख्ख्या क्रीडाविभागाचा खड्डा भरायला जातो? दुसरं उत्तर आलं तर समजा की कॉलेज हातातोंडाची गाठ घालतंय.

त्यातच 2025 च्या जूनमध्ये खेळाडूंच्या मोबदल्याबद्दलच्या हाउस खटल्याची तडजोड मंजूर झाली. तेव्हापासून कॉलेजला खेळाडूंना थेट पैसे देता येतात, 2025-26 साठी कमाल 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. छोट्या कॉलेजला एवढे देणं शक्यच नाही. शिवाय माजी खेळाडूंना द्यायच्या सुमारे 280 कोटी डॉलरच्या भरपाईचा एक भाग डिव्हिजन वनच्या सगळ्या कॉन्फरन्सना एनसीएए या कॉलेजचे खेळ चालवणाऱ्या संस्थेकडून मिळणाऱ्या वार्षिक वाट्यातून कापला जातो. ज्यांच्याकडे मोठं फुटबॉल कधीच नव्हतं, त्यांच्याही. पहिल्या कॉलेजने ही तडजोड स्वीकारली आहे की नाही, हे विचारायलाच हवं. स्वीकारली असेल तर रोस्टरवर, म्हणजे संघाच्या यादीत, जास्तीत जास्त 15 खेळाडू ठेवता येतात आणि स्कॉलरशिप तुकड्यांत वाटायची मुभा असते. नसेल तर जुनी 13 पूर्ण स्कॉलरशिपची मर्यादा लागू राहते. म्हणून ‘पूर्ण’ हा शब्द तोंडी ऐकून समाधान मानू नका. शिकवणी फी, राहणं, जेवण, पुस्तकं आणि वरखर्च हे पाचही कागदावर आहेत का, ते बघा.

मुलींच्या पालकांसाठी मध्येच एक नोंद: महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेतही 2025 पासून युनिट मिळू लागली आहेत. रक्कम अजून पुरुषांच्या तुलनेत लहान आहे, पण छोट्या कॉलेजांनी महिला संघावर खर्च करायला आता एक कारण आहे.

प्रवास हा विषय तुमच्या घरासाठी सगळ्यात महत्त्वाचा, कारण मुलाला इंजिनीअरिंग करायचंय. मिझुरी स्टेटचं उदाहरण बघा. स्प्रिंगफील्डमधलं हे कॉलेज 2025 च्या जुलैपर्यंत मिझुरी व्हॅलीत होतं. त्या कॉन्फरन्सची गावं म्हणजे पिओरिया, नॉर्मल, कार्बनडेल, डेस मॉइन, इव्हान्सव्हिल. बसमध्ये बसायचं, खेळायचं आणि रात्री किंवा दुसऱ्या सकाळी परत यायचं. फुटबॉल वरच्या पातळीवर न्यायचं म्हणून ते कॉन्फरन्स यूएसएमध्ये गेलं, आणि बास्केटबॉलच्या पोरांना आता डेलावेअर, मायामी, व्हर्जिनियातलं लिंचबर्ग आणि न्यू मेक्सिकोतलं लास क्रूसेस गाठावं लागतं. बडी विद्यापीठं संघासाठी खास भाड्याने घेतलेल्या विमानाने जातात. छोटी साधी तिकिटं काढतात आणि मध्ये कुठेतरी विमान बदलतात. गुरुवारी आणि शनिवारी सामने असतील तर बुधवारी सकाळी निघावं लागतं आणि परतायला रविवार उजाडतो. बुधवारची लॅब, गुरुवारचं व्याख्यान आणि शुक्रवारची छोटी परीक्षा असं सगळं एकाच दौऱ्यात बुडतं. जानेवारीत शिकागो किंवा डेन्व्हरला बर्फामुळे विमान अडकलं तर सोमवारही जातो.

नियमाप्रमाणे सीझनमध्ये आठवड्याला 20 तास आणि दिवसाला 4 तास एवढाच वेळ खेळासाठी घेता येतो. पण प्रवासाचा वेळ त्यात धरत नाहीत, आणि सामन्याचा अख्खा दिवस फक्त तीन तास म्हणून मोजतात. त्यामुळे कागदावर 20 असलेले तास प्रत्यक्षात कितीतरी वाढतात. कॉलेजकडून गेल्या सीझनचं प्रवासाचं वेळापत्रक मागून घ्या, निघण्या-परतण्याच्या वेळांसकट. जानेवारी-फेब्रुवारीतले सोमवार ते शुक्रवार किती दिवस संघ बाहेर होता, ते मोजा. मग कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचं वेळापत्रक शेजारी ठेवा आणि डिजिटल सर्किटची लॅब कुठल्या दिवशी, किती वाजता आहे ते बघा. सराव दुपारी दोनला आणि लॅबही दुपारी दोनला असेल तर काय करायचं, हे कोचला विचारा. गेल्या चार वर्षांत संघातल्या किती जणांनी इंजिनीअरिंगची पदवी पूर्ण केली, हेही विचारा. उत्तर ‘एकही नाही’ असं असेल तर कोच कितीही भला असला तरी मुलाला दुसऱ्या वर्षी विषय बदलायला हळूच सुचवलं जाईल. आणि एक प्राथमिक गोष्ट: पहिल्या कॉलेजमध्ये कॉम्प्युटर इंजिनीअरिंग आहे, की फक्त कॉम्प्युटर सायन्स? अभ्यासक्रमाला एबेटची, म्हणजे इंजिनीअरिंगचे अभ्यासक्रम तपासणाऱ्या संस्थेची, मान्यता आहे का? पूर्ण स्कॉलरशिपच्या आनंदात हे तपासायचं राहून जातं.

दुसऱ्या कॉलेजबद्दल स्पष्टच लिहितो. डिव्हिजन टूमधून वर येणाऱ्या कॉलेजला संक्रमणाचा काळ पार पाडावा लागतो. पूर्वी तो चार वर्षांचा होता. 2025 मध्ये तो निकष पूर्ण करणाऱ्यांसाठी तीन वर्षांवर आणला. या काळात कॉन्फरन्स जिंकली तरी राष्ट्रीय स्पर्धेत जाता येत नाही. 2023 मध्ये नॉर्थईस्ट कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात मेरिमॅकने फेअरली डिकिन्सनला 67-66 हरवलं. मेरिमॅकचा संक्रमणाचा काळ संपला नव्हता, त्यामुळे अंतिम सामना हरलेला संघच राष्ट्रीय स्पर्धेत गेला आणि त्याने तिथे पहिल्या मानांकनाच्या परड्यूला 63-58 असं लोळवलं. जिंकलेली पोरं ते टीव्हीवर बघत होती. ही त्याच कॉन्फरन्सची गोष्ट, जिथून मेरिमॅक पुढच्याच वर्षी निघून गेलं, आणि जिथे स्टोनहिल, ल मॉइन, मर्सीहर्स्ट, न्यू हेवन अशी एकामागून एक डिव्हिजन टूची कॉलेजं रिकाम्या जागा भरायला आली.

तुमच्या दुसऱ्या कॉलेजचं संक्रमणाचं कितवं वर्ष आहे, ते विचारा आणि मुलाच्या चार वर्षांतून वजा करा. वर आलेल्या कॉलेजला मनुष्यबळही वाढवावं लागतं: ट्रेनर, अभ्यासाचे सल्लागार, कंप्लायन्स. ती भरती झाली आहे की जाहिराती अजून लटकताहेत, हे एका भेटीत कळतं. अर्ध्या स्कॉलरशिपसाठी एवढी जोखीम आम्हाला योग्य वाटत नाही.

एक शक्यता पहिल्या दोन्ही कॉलेजांना लागू आहे. कॉलेज डिव्हिजन वनच सोडू शकतं. हार्टफर्डने 2021 मध्ये पहिल्यांदाच राष्ट्रीय स्पर्धा गाठली आणि दोन महिन्यांच्या आत डिव्हिजन थ्रीत जायचा निर्णय जाहीर केला. पेनसिल्व्हेनियाच्या सेंट फ्रान्सिसने 2025 च्या मार्चमध्ये, राष्ट्रीय स्पर्धेत खेळून आल्यावर काही दिवसांतच, तेच केलं. ब्रुकलिनच्या सेंट फ्रान्सिस कॉलेजने 2023 मध्ये सगळेच खेळ बंद केले. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप देता येत नाही. त्यामुळे करारावर सही करण्याआधी लेखी विचारा: कॉलेज खाली गेलं किंवा संघ बंद झाला, तर माझ्या मुलाची मदत पदवीपर्यंत चालू राहील का?

असं कॉलेज आधी ओळखता येतं का? बऱ्याच अंशी येतं. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या ‘इक्विटी इन ॲथलेटिक्स’ या सार्वजनिक माहितीत प्रत्येक कॉलेजचा प्रत्येक संघावरचा खर्च असतो. पुरुष बास्केटबॉलचा एकूण खर्च आणि सामन्यांच्या दिवसांचा खर्च, दोन्ही तीन-तीन वर्षांचे बाजूबाजूला मांडा. नवी कॉन्फरन्स दूरची आणि सामन्यांच्या दिवसांचा खर्च तेवढाच, तर प्रवासाचा ताण पोरांच्या झोपेतून आणि जेवणातून वसूल होणार. खासगी कॉलेज असेल तर त्याचं 990 हे कर विवरणपत्र सगळ्यांना पाहता येतं. सलग दोन-तीन वर्षं तूट आणि विद्यार्थीसंख्या घटत असेल तर सावध राहा. सरकारी कॉलेज असेल तर विद्यार्थ्यांच्या फीमधला किती वाटा खेळाला जातो ते बघा. कॉन्फरन्सच्या बातम्यांपेक्षा या तीन आकड्यांतून कॉलेजची खरी तब्येत कळते.

आता करार. जुनं राष्ट्रीय लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे खेळाडूने कॉलेजला बांधून घेण्याचं पत्र, 2024 च्या ऑक्टोबरमध्ये रद्द झालं. आता सही होते ती फक्त आर्थिक मदतीच्या करारावर, म्हणून तो ओळ न् ओळ वाचा. मुदत एका वर्षाची आहे की चार? एका वर्षाची असेल तर दरवर्षी 1 जुलैपर्यंत कॉलेजने नूतनीकरणाबद्दल लेखी कळवावं लागतं, आणि नकार आला तर दाद मागायचा हक्क असतो. पण हक्क असणं आणि जुलैमध्ये दुसरीकडे जागा मिळणं यात फार अंतर आहे. चार वर्षांचा करार मागा. छोट्या कॉलेजलाही तो देता येतो, आणि त्यांना मुलगा खरंच हवा असेल तर ते देतात. ‘सगळ्यांना एका वर्षाचाच देतो’ असं म्हणाले, तर गेल्या पाच वर्षांत किती जणांचं नूतनीकरण झालं नाही ते विचारा. आणखी एक: मुलाने पुढे ट्रान्सफर पोर्टलमध्ये नाव घातलं, तर त्या सत्राच्या शेवटी कॉलेज मदत थांबवू शकतं. 2026 पासून ही खिडकी राष्ट्रीय अंतिम सामन्यानंतर फक्त 15 दिवस उघडी असते. रागाच्या भरात नाव घालायचं नाही, हे त्याला आजच सांगून ठेवा.

खेळायला मिळेल का, याचं उत्तर कोचच्या शब्दांत शोधू नका. कॉलेजच्या संकेतस्थळावर प्रत्येक सामन्याचा तक्ता असतो. गेल्या दोन सीझनमधले जानेवारी-फेब्रुवारीचे सामने उघडा आणि पहिल्या वर्षाच्या गार्डना किती मिनिटं मिळाली ते लिहून काढा. नोव्हेंबरचे सामने धरू नका. तेव्हा चाळीस गुणांनी पुढे किंवा मागे असताना सगळेच खेळतात. मग प्रत्येक उन्हाळ्यात पोर्टलमधून किती गार्ड आले ते मोजा. दरवर्षी दोन येत असतील, तर तुमच्या अठरा वर्षांच्या मुलाची स्पर्धा बावीस-तेविशीच्या पोरांशी आहे. कोचच्या कराराची किती वर्षं उरली आहेत, तेही बघा. फेअरली डिकिन्सनचे कोच टोबिन अँडरसन परड्यूला हरवल्यावर काही दिवसांतच आयोनाला गेले. जिंकणारा कोच छोट्या कॉलेजात फार टिकत नाही आणि हरणाऱ्याला काढतात, म्हणून मुलाने कोच बघून कॉलेज निवडू नये, हे आमचं ठाम मत आहे.

तिसऱ्या कॉलेजला तुम्ही पत्रात शेवटी ठेवलंय. आम्ही ते वर घेऊ. तुमच्याच गावचं नॉर्थ सेंट्रल कॉलेज डिव्हिजन थ्रीच्या सीसीआयडब्ल्यू कॉन्फरन्समध्ये आहे. व्हीटन आणि एल्महर्स्टही त्यातच, आणि सगळी कॉलेजं इलिनॉय-विस्कॉन्सिनमधली. एखाद्या बुधवारी संध्याकाळी मुलाला घेऊन तिथला सामना बघा. खेळाचा वेग, बचावाची शिस्त आणि मुलांची ताकद पाहिली की ‘थ्री म्हणजे कमी’ ही समजूत गळून पडते. प्रवास बसचा, बहुतेक वेळा त्याच रात्री परत. गुणांवरची सवलत खेळाशी बांधलेली नसते. गुडघा दुखावला किंवा खेळ सोडला, तरी गुण टिकवले की ती चालू राहते. मात्र त्यासाठी किमान किती जीपीए लागतो आणि फी दरवर्षी वाढली तर सवलतही वाढते का, हे विचारा. बहुतेक ठिकाणी सवलतीची रक्कम ठरलेली असते आणि फी वाढत जाते, म्हणून चौथ्या वर्षाचा हिशेब आजच करून ठेवा.

आमचा सल्ला असा. पहिलं कॉलेज निवडा, पण चार गोष्टी जुळल्या तरच: करार चार वर्षांचा आणि पाचही खर्चांचा, कॉलेज खाली गेलं तरी मदत पदवीपर्यंत चालू राहण्याची लेखी हमी, मान्यताप्राप्त कॉम्प्युटर इंजिनीअरिंग आणि ते पूर्ण केलेला किमान एक खेळाडू, आणि जानेवारीत पहिल्या वर्षाच्या गार्डना मिळालेली खरी मिनिटं. यातली एकही गोष्ट हुकली तर तिसरं कॉलेज घ्या. दुसऱ्याला नम्रपणे नकार कळवा आणि तो मुलानेच फोन करून द्यावा. कोचमंडळी हे लक्षात ठेवतात, आणि तोच कोच उद्या दुसऱ्या कॉलेजात भेटू शकतो.

डिव्हिजन वन सोडताना जीव वर-खाली होतो, हे आम्हाला पूर्ण मान्य आहे. पोराने पहाटे उठून घेतलेल्या मेहनतीचं ते फळ वाटतं. पण या वयात मुलाला सगळ्यात जास्त हवं असतं ते खेळायला मिळणं. आई-बाबांनी एक दिवस आकडे घेऊन त्याच्यासोबत बसा, पण शेवटचं बोट त्यालाच ठेवू द्या.

या आठवड्यात एवढंच करा: पहिल्या कॉलेजच्या कोचला आणि कंप्लायन्स अधिकाऱ्याला एकच ईमेल लिहा, मुलाच्या नावाने. त्यात कराराची मुदत, खाली गेल्यास मदतीचं काय, तडजोड स्वीकारली की नाही, कॉन्फरन्स सोडताना स्पर्धेत खेळता येतं का आणि गेल्या वर्षीचं प्रवासाचं वेळापत्रक, हे पाच मुद्दे टाका. उत्तराला दहा दिवस द्या. उत्तर फोनवर आलं तर आभार मानून सांगा की तेच दोन ओळींत लिहून पाठवा. लिहून आलं की ते आणि कराराचा मसुदा आम्हाला पाठवा, आम्ही तो तुमच्यासोबत वाचू.